तेलाला वाट

चाकं रडायला लागलीत, असं शर्मिलाने फोनवर सांगितलं.

शर्मिला येरवड्याच्या भागात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या बायकांच्या संस्थेचं काम बघायची. वयाने लहान, बोलायला घाईची, पण वाईट बातमी द्यायची असली की आधी हवापाण्याचं बोलून घेणारी. त्या दिवशी तिने एकदम विषयाला हात घातला, त्यावरूनच नम्रताने ओळखलं की प्रकरण साधं नाही. तिच्या बाबांनी तयार केलेले हब, म्हणजे चाकाचे मधले गाभे, लावलेल्या ढकलगाड्यांपैकी जवळजवळ निम्म्या दिवाळीनंतर जड झाल्या होत्या, करकरत होत्या. बायका म्हणत होत्या, आमची जुनी चाकं परत द्या. महिनाअखेरीला संस्थेची बैठक होती. हे हब सगळ्या गाड्यांना लावायचे, की आहेत तेही काढून टाकायचे, ते तिथे ठरणार होतं.

"मॅडम, मला पर्सनली फार वाईट वाटतंय," शर्मिला म्हणाली. "पण ढकलायचं त्यांना आहे ना."

नम्रता म्हणाली, खरं आहे. फोन ठेवून ती वाघोलीच्या आपल्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसून राहिली. ती तिथे यंत्ररचना शिकवायची. समोर मुलांच्या वह्यांचा गठ्ठा होता. वरच्या वहीत कुणीतरी बेअरिंगचं आयुष्य काढण्याचं गणित चुकवून बेअरिंगला अमर करून ठेवलं होतं. एरवी ती हसली असती.

तिचे वडील, सुखदेव रामटेके, मूळचे भंडाऱ्याकडचे. पुण्यात एका मोटार कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत जातात, हास्यक्लबात जातात, वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात. सुखदेवांनी यातलं काही केलं नाही. एक दिवस सोसायटीच्या फाटकाशी मुक्ताई नावाची बाई कचऱ्याची गाडी आडवी पाडून चाकाच्या आसाभोवती गुंडाळलेले केस, सुतळ्या आणि प्लॅस्टिकच्या दोऱ्या ब्लेडने कापत बसलेली त्यांना दिसली. ते तिच्याशेजारी उकिडवे बसले. ती म्हणाली, साहेब, लांब बसा, वास मारतोय. ते म्हणाले, चाकाला नाही मारत. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना.

ढकलगाडीचा खरा वैरी धूळ, आणि पुण्यात धुळीला तोटा नाही. इथे एखादा रस्ता खोदलेला नसेल तर तो खोदायचा राहिलेला असतो. साधं बेअरिंग त्यात टिकत नाही. ग्रीस भरावं, तर ग्रीसलाच धूळ चिकटून त्याची कानस होते. सुखदेवांनी बेअरिंगच काढून टाकलं आणि त्याच्या जागी ब्रॉन्झच्या भुकटीचा दाबून भाजलेला बुश, म्हणजे आसावर चढणारी जाड नळी, बसवला. असा बुश आतून स्पंजासारखा असतो. त्याच्या बारीक छिद्रांत तेल मुरवून ठेवतात. चाक फिरलं की तो तापून तेल बाहेर सोडतो आणि थांबलं की तेच तेल परत शोषून घेतो. बुशाच्या बाहेर दोन टोप्या, एकीत एक शिरलेल्या पण एकमेकींना न टेकणाऱ्या. धुळीला आत यायचं तर इतकी वळणं घ्यावी लागतील की ती वाटेतच गळून पडेल. तेलपाणी नको, देखभाल नको, वर्षानुवर्षं कुणी चौकशीही करायला नको. "हबला एकही भोक नाही," असं ते अभिमानाने सांगायचे. "भोक आलं की धूळ आली."

उन्हाळ्यात येरवड्यातल्या कोठीवरच्या गाड्यांना ते हब लागले. कोठी म्हणजे जिथे या बायका सकाळी जमतात आणि गाड्या ठेवतात ती जागा. पावसाळाभर चाकं न कुरकुरता फिरली. सुखदेव रोज सकाळी खिडकीशी उभे राहून मुक्ताईची गाडी येताना ऐकायचे, म्हणजे काही ऐकू येत नाही याची खात्री करून घ्यायचे.

ऑगस्टमध्ये, वर्षावास चालू असताना, एका सकाळी चहा पिऊन, कप विसळून, पालथा घालून ते खुर्चीत बसले ते उठले नाहीत. देहदानाची सगळी व्यवस्था त्यांनी आधीच करून ठेवली होती. विहारातली मंडळी आली, त्रिशरण-पंचशील झालं, मेडिकल कॉलेजची गाडी आली आणि गेली. नम्रताची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पाठचं पुढचं कुणी नव्हतं. लोक दारात उभे राहून विचारत होते, काही करायचं आहे का? काही नव्हतं. कपाटंसुद्धा आवरलेली होती. आजारपण नाही, उशापायथ्याशी बसणं नाही. भाग्यवान माणूस, कुणाला त्रास दिला नाही, असं जो तो म्हणाला, आणि ती मान डोलवत राहिली. तिने पुष्कळ वाचलेलं होतं. त्या दिवसांत तिने शोकाबद्दल वाचलेलं एकेक आठवून पाहिलं, तर ते सगळं दुसऱ्याच कुणाच्या तरी मापाने शिवलेलं निघालं.

हब मात्र फिरत होते. येरवड्याच्या गल्ल्यांतून ते फिरताहेत, एवढं तिला पुरत होतं.

शर्मिलाच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोठीवर गेली. गाड्या निघायच्या बेतात होत्या. लांबूनच तिला तो आवाज आला: बारीक, ओढलेला, पाणी संपत आलेल्या हापशासारखा. तिला फाटकाशी पाहताच मुक्ताईने गाडीचा दांडा खाली टेकवला. मुक्ताई पन्नाशीची, वाघोलीपलीकडच्या खेड्यातून लग्न होऊन येरवड्यात आलेली. साहेबांच्या पहिल्या हबची पहिली गाडी तिचीच होती.

"या ताई," ती म्हणाली. "ऐका तुमच्या बाबांचं भजन."

दोघीचौघी हसल्या. नम्रताने वाकून चाक फिरवून पाहिलं. ते अर्ध्यात थांबलं. तिने शेजारची गाडी पाहिली, तीही जड. तिसरी मात्र बोटाने ढकलली तशी सुरळीत फिरत राहिली. ती आम्रपालीची होती. तिच्या पलीकडची जड, त्या जडीच्या पलीकडच्या दोन चांगल्या. एकच कोठी, एकच धूळ, एकाच वेळी लावलेले हब. नम्रता गाड्यांमधून फिरत राहिली आणि बायका तिच्याकडे आणि एकमेकींकडे पाहत राहिल्या. त्या पाहण्यात काहीतरी होतं. शेवटी मुक्ताईनेच ते बोलून टाकलं, हसतहसतच, पण डोळे न हसवता.

"आम्रपालीची गाडी लोण्यावानी चालती. तिच्या जावेची बी. ज्या चालत्यात त्या समद्या तुमच्यातल्या बायकांच्या हायेत ताई. आमी म्हनलं, साहेबांनी चांगला माल आपल्या मानसांना दिला आसंल. त्यात वाईट काय? समदेच देत्यात."

आम्रपाली म्हणाली, तोंड सांभाळून बोल. मुक्ताई म्हणाली, मी तर सांभाळूनच बोलतीये, सांभाळलं नसतं तर कवाच बोलले असते. शर्मिला धावत आली, विषय बदलू लागली, चहा मागवू लागली. तिने फोनवर हे सांगितलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

नम्रताने पुढे होऊन पाना मागितला. तिने मुक्ताईच्या गाडीची दोन्ही चाकं आणि आम्रपालीच्या गाडीचं एक मागून घेतलं, त्याऐवजी जुनी लावून द्यायला सांगितली आणि ती रिक्षात बसली.  चाक बिघडतं. चाकाचं नाव वाईट झालं असतं तर तिने ते सोसलं असतं. पण ज्या माणसाने जन्मभर ऑफिसच्या कँटीनमध्येसुद्धा रांगेत पुढे जागा घेतली नाही, त्याच्यामागे कोठीवर असं बोललं जात होतं, आणि ते खोटं आहे असं सांगायला तिच्याजवळ नुसता विश्वास होता. चांगली चाकं खरंच त्याच बायकांच्या गाड्यांना होती. तिने स्वतः मोजून पाहिलं होतं.

दत्तोबांचं वर्कशॉप वारज्याच्या पुढे शिवण्याला, एका पत्र्याच्या शेडमध्ये. सुखदेवांच्याच कंपनीतून निवृत्त झालेले, त्यांचे जुने मित्र. हब त्यांनीच करून दिले होते. चाकं टेबलावर ठेवली तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"आलीस? मला वाटलं, कॉलेजात शिकवणारी माणसं चाक फळ्यावरच फिरवतात."

तिने कोठीवरचं सगळं सांगितलं. दत्तोबांची थट्टा तिथेच थांबली. बुश दोन खेपांत आले होते, हे खरं. पण त्यांनी दोन्ही खेपा एकाच पिंपात टाकून कालवल्या होत्या, आणि सुखदेव हब बसवायला गेले तेव्हा गाड्या ज्या क्रमाने उभ्या होत्या त्याच क्रमाने बसवले होते. मुक्ताईची सोडली तर कोणती गाडी कुणाची हे त्यांना माहीतही नव्हतं. हे ऐकून नम्रताला बरं वाटलं, पण ते दत्तोबांनी सांगून भागणार नव्हतं. ते चाकांनी सांगायला हवं होतं.

आधी त्यांनी आम्रपालीचं चाक उघडलं. बाहेरच्या टोपीत धुळीचा सुका थर, आतल्या टोपीत जवळजवळ काही नाही, आणि बुश मधाच्या रंगाचा, तेलाने ओलसर. बाबांनी कागदावर काढलं होतं तसंच. मग मुक्ताईचं उघडलं. टोप्यांमधली सगळी वळणं काळ्या, चिकट लगद्याने बुजलेली होती. बुश कोरडा, काळा, त्याची छिद्रं डांबर ओतावं तशी बंद. दत्तोबांनी लगदा बोटावर घेऊन वास घेतला. गॅरेजमधलं जळकं ऑईल. आणि त्याखाली डिझेल.

"धुतलंय," ते म्हणाले. "डिझेलने धुऊन मुरलेलं तेल घालवलं, मग वरून हे ओतलं. पण ओततील कशाला? न आवाज करणाऱ्या चाकाला कोण तेल घालतं?"

नम्रता चिमट्याने लगदा काढत होती. एका वळणात काहीतरी चिकटलेलं होतं. तिने ते पांढऱ्या कागदावर ठेवून उलगडलं. झेंडूची पाकळी. काळी पडलेली, पण एका टोकाला अजून केशरी. तिने टोपीच्या कडेवरून नख फिरवलं, तर नखाखाली लालसर काही आलं.

दोघांनी ते एकदमच पाहिलं. खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पुण्यात ज्याच्या हाताला काही हत्यार आहे तो ते धुतो, पुसतो, त्याला तेल घालतो, हळदकुंकू लावतो, फूल वाहतो. लेथ, रिक्षा, शिलाई मशीन, कात्री. ढकलगाडीही. मुक्ताईने आणि तिच्यासारख्या इतर बायकांनी आपल्या गाड्या डिझेलने धुऊन, घासूनपुसून लख्ख केल्या होत्या आणि चाकाला भोक सापडेना म्हणून टोप्यांच्या फटीतून तेल ओतलं होतं. आम्रपालीने ते केलं नव्हतं, कारण आम्रपाली त्या दिवशी पुण्यात नव्हती; तिच्या जावेसारख्या बाकीच्याही तिच्याबरोबर गेल्या होत्या. नम्रताला ते पक्कं माहीत होतं. नागपूरच्या गाडीत ती आणि त्या सगळ्या एकाच डब्यात होत्या, दीक्षाभूमीला निघालेल्या. बाबा दरवर्षी जात. यंदा त्यांच्या जागी ती गेली होती.

"त्याला कधी दिसलंच नाही," दत्तोबा हळू म्हणाले.

नम्रताने चिमटा खाली ठेवला.

"इतकी वर्षं कंपनीत होता, पण खंडेनवमीला शॉपमध्ये एकदाही नव्हता. दोन दिवस आधी रजा टाकून नागपूर. बाकी माणूस असा, की कोण माणूस कोणत्या मशीनवर कुठल्या पायावर भार देऊन उभा राहतो तेही त्याने ड्रॉइंगमध्ये धरायचं. पण त्या दिवशी आम्ही मशीनला काय काय करतो ते त्याने पाहिलेलंच नाही. आणि मी पाहिलंय, तर मला सुचलं नाही. तेल घालणं याला आपण काही करणं समजतच नाही ना." ते थांबले. मग कागदावरच्या पाकळीकडे पाहत म्हणाले, "एक सांगतो. आम्ही त्याच्या ड्रॉइंग बोर्डालाही कुंकू लावायचो. सगळ्या ऑफिसात त्याचाच बोर्ड तेवढा सोडायचा, हे बरं दिसेना. आणि तो परत यायच्या आत मी स्पिरिटने पुसून टाकायचो. त्याला नको असतं ते त्याच्या टेबलावर ठेवणंही बरं दिसेना."

"त्यांना कळलं नाही?"

"लाकूड होतं ग. कडेला डाग राहायचाच. तो त्यावर बोलला नाही. मीही नाही."

नम्रताने पाकळी कागदात घडी करून ठेवली नाही. लगद्याबरोबर टोपलीत टाकली आणि हात धुतले. तिला बाबांवर राग आला होता असं नाही, पण काहीतरी आलं होतं. दोन सभ्य माणसं एकमेकांना त्रास नको म्हणून एका डागाभोवती इतकी वर्षं जपून चालली, आणि त्या जपण्याच्या आड नेमकं हेच राहून गेलं.

शर्मिलाला फोनवर कारण कळलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे डिझाइनचा प्रॉब्लेम नाहीच, ती म्हणाली. हबवर स्टिकर लावून टाकू, तेल घालू नये, आणि बायकांचं एक छोटंसं ट्रेनिंग घेऊ. दत्तोबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, लाव पाटी. पुण्यात पाट्या लिहिणारे उदंड, वाचणाऱ्यांचीच टंचाई आहे.

नम्रताला तो उपाय आधी पटला होता. त्यात तिला नवं काही करावं लागणार नव्हतं; बाबांचा हब बाबांनी केला तसा राहणार होता. तीच गोष्ट बोलायला ती मुक्ताईकडे गेली. मुक्ताईचं घर तुरुंगाच्या भिंतीपासून दोन गल्ल्या आत. दुपारची वेळ होती, ती निवडायला भाजी घेऊन उंबऱ्यात बसली होती. नम्रता समोर पायरीवर बसली आणि तिने सगळं सरळ सांगितलं: बुश, छिद्रं, डिझेल, जळकं ऑईल. मुक्ताईने भाजी निवडत ऐकून घेतलं. तिचा चेहरा आधी उतरला, मग घट्ट झाला.

"म्हंजे आमच्या पूजेनं बिघडलं."

"पूजेने नाही. तेलाने."

"येकच की ओ ते. मी गाडीला तेल घालते ती काय हौस म्हनून? वरीसभर तिला लोटायची, लोकांचं खरकटं तिच्यात टाकायचं, आनि येक दिवस बी तिच्या चाकाला हात लावायचा न्हाई? ती मागत न्हाई म्हनून आपन द्यायचंच न्हाई व्हय?" मुक्ताईने देठ मोडून बाजूला टाकले. "लावा तुमची चिठ्ठी. मी न्हाई घालनार तेल. पर मग ती गाडी माझी न्हाई वाटायची, तुमची वाटंल."

नम्रताने तिची समजूत घालायला तोंड उघडलं आणि ओठावर आलेले शब्द तिला ओळखीचे वाटले. ऑगस्टपासून लोकांनी तिला भाग्याबद्दल जे सांगितलं होतं, तेच ती आता मुक्ताईला सांगायला आली होती. काही करावं लागत नाही, किती चांगलं. तिने भाजीची एक जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागली. मुक्ताईने तिच्या हाताकडे पाहिलं, जून देठ राहतायत म्हणून एकदा टोकलं, आणि मग दोघी बराच वेळ दुसरंच बोलत बसल्या.

घरी आल्यावर तिने ड्रॉइंग टेबलावर पसरलं. बाबा शेवटपर्यंत हाताने काढायचे. रेघ इतकी एकसारखी की छापल्यासारखी. तिने पेन्सिल घेतली आणि पुन्हा ठेवली. वर्गात ती मुलांना सांगायची की डिझाइन म्हणजे काही देवघर नव्हे, खोडरबर हेही हत्यारच आहे. इथे मात्र तिचा हात चालेना. बाबांना विचारता आलं असतं तर ते काय म्हणाले असते, हे तिने प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. कदाचित म्हणाले असते, लोकांना शिकवा. त्यांचा शिकवण्यावर फार विश्वास. कदाचित चष्मा पुसत बसले असते आणि दुसऱ्या दिवशी तिच्याआधीच त्यांनी उत्तर काढलं असतं. तिला उत्तर मिळालं नाही, आणि यापुढे कुठल्याच प्रश्नाचं मिळणार नाही, हे त्या संध्याकाळी, दिवेलागणीला, प्रथमच तिला सरळ समजलं. तेव्हा ती रडली. फार नाही. मग तोंड धुऊन परत टेबलाशी आली.

तेल नको म्हणायचं नाही, तर तेलाला वाट द्यायची. पण टोप्यांना भोक पाडलं की धूळ आली, बाबांचं ते बरोबरच होतं. तिने टोप्या तशाच ठेवल्या. चाक फिरतं, टोप्या फिरतात; आस फिरत नाही. तो गाडीला घट्ट बसवलेला, आणि त्याचं टोक टोपीच्या बाहेर उघडं. त्या टोकापासून आसाच्या मधोमध आत एक बारीक बोगदा, बोगद्यात नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, वात, आणि वातीपासून वर बुशापर्यंत एक छोटी उभी वाट. टोकाला झाकणाची छोटी वाटी, लांबूनही दिसेल अशी पितळेची, म्हणजे तेलाचा हात आपोआप तिथेच जाईल. नमदा कचरा गाळेल, हवं तेवढं तेल बुशाला देईल. जास्त झालेलं वाटीच्या कडेच्या खाचेतून बाहेर ठिबकून जाईल. जळकं ऑईल असलं तरी नमदाच काळा होईल, बुश नाही. आणि नमदा कुणालाही चिमटीने काढून बदलता येईल. धुताना थोडं मुरलेलं तेल गेलं, तरी पूजेचं तेल ते भरून काढेल.

दत्तोबांनी ड्रॉइंग पाहिलं आणि बराच वेळ ड्रिल मशीनकडे गेलेच नाहीत.

"रामटेके असता तर मला हे भोक पाडू दिलं नसतं."

"माहीत आहे, काका."

"आणि बदलाच्या रकान्यात सही कुणाची?"

तिने ड्रॉइंगचा खालचा कोपरा दाखवला. बाबांच्या नावाखालच्या रिकाम्या ओळीत तिने तारीख, काय बदललं ते आणि आपलं नाव लिहिलं होतं. दत्तोबांनी ते वाचलं, चष्मा उतरवून डोळे चोळले आणि म्हणाले की अक्षर बापासारखं आलं असतं तर काही बिघडलं नसतं. मग त्यांनी आस मशीनवर चढवला.

बैठकीच्या आधी बिघडलेल्या सगळ्या गाड्यांना नवे बुश आणि नवे आस लागले. नम्रता आग्रहाने प्रत्येक गाडीपाशी स्वतः थांबली. कारण काय निघालं ते तिने बायकांना भाषण न करता सांगितलं. उरलेलं मुक्ताईने सांगितलं, तिच्या पद्धतीने. साहेबांनी कुणाला कमीजास्त दिलं नव्हतं, ती सगळ्यांसमोर म्हणाली, आमीच लाडानं चाकाचा गळा दाबला. आणि आम्रपालीकडे वळून म्हणाली, तू नागपूरला पळाली म्हनून वाचली. आम्रपाली म्हणाली, पुढच्या वर्षी तूही चल. मुक्ताई म्हणाली, मग गाडीची पूजा तुझा नवरा करंल का?

बैठक कोठीच्या पटांगणात, उन्हात झाली. शर्मिलाने तक्ते आणले होते. ते कुणी पाहिले नाहीत. बायकांनी गाड्यांवर बादल्या चढवून पटांगणाला फेऱ्या मारल्या. मग मुक्ताईने तेलाची बाटली मागितली. यावेळी शर्मिलाने शिलाई मशीनचं स्वच्छ तेल आणून ठेवलं होतं. नवमी होऊन गेली होती, पण राहिलेलं राहायला नको, असं मुक्ताईचं म्हणणं. तिने पितळेचं झाकण अंगठ्याने उघडलं.

"किती घालू?"

"मनाला येईल तेवढं," नम्रता म्हणाली.

मुक्ताईने सढळ हाताने ओतलं. वाटी भरली, तेल क्षणभर कडेला थरथरलं आणि मग तिथल्या खाचेतून बाहेर येऊन मातीत टपटपू लागलं. मुक्ताईने वाकून ते पाहिलं, समाधानाने, जेवायला वाढताना पाहुणा पुरे म्हणतो तेव्हा यजमान पाहतो तसं. तिने गाडी पुढे ढकलली. गाडी गेली, आणि कुणाला काही ऐकू आलं नाही.

हात वर झाले. शर्मिलाने मोजले आणि सगळ्या गाड्यांना हे हब लावायचे असं लिहून घेतलं. नम्रता उभी होती तिथेच उभी राहिली. 

मुक्ताई गाडी फिरवून तिच्यापाशी आली आणि बाटली तिच्यापुढे धरली. दुसरं चाक अजून राहिलं होतं.

"हे तुमी घाला. हळद-कुकू नगा लावू, नुसतं तेल घाला."

नम्रताने झाकण उघडलं आणि ओतलं. तिचा हात आखडता होता. मुक्ताईने कोपराला खालून टेकू देऊन बाटली आणखी कलती केली. तेल भरून वाहिलं. नम्रताने पुसायला पदराला हात घातला, मग मुक्ताईने दिलेल्या फडक्याने आसाचं टोक, पितळेची वाटी, टोपीची गोल कड, सगळं सावकाश पुसून काढलं.

"दर साली तुमच्या हातानं होऊ द्या येका चाकाचं," मुक्ताई म्हणाली.

"मी तेव्हा नागपूरला असते, मुक्ताई."

"मग आल्यावर घाला. चाक कुटं पळून जातंय?"

आणि दांडा धरून ती तिच्या गल्लीकडे निघाली.